अंगणातील डबके कोणाचे?

बेळगावात वर्षाकाठी सुमारे ५० इंच पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांतच कोसळतो. ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. म्हणूनच जुन्या घरांचे जोते उंच, छप्पर उतरते आणि अंगण रस्त्याकडे कललेले असे. आजची तऱ्हा निराळी. घरावर लाखो रुपये खर्चावयाचे, अंगणभर चकचकीत फरशी बसवावयाची आणि पहिल्याच सरीत दारापुढे तळे साचले की महानगरपालिकेच्या नावाने बोटे मोडावयाची!

आम्ही पालिकेचे वकीलपत्र घेतलेले नाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा चढवून रस्ते घरांच्या उंबऱ्याला भिडविणाऱ्या कारभाराचा आम्ही निषेधच करतो. परंतु कुंपणाच्या आतील उताराचा जाब कोणाला विचारावयाचा?

हिशेब साधा आहे. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १ इंच पाऊस झाला की सुमारे २,३५० लिटर पाणी खाली येते. ते एका नळाने भिंतीच्या पायाशीच सोडून द्यावयाचे, हा आपला रिवाज. मातीचे अंगण त्यातील काही पाणी पिऊन टाकी. सिमेंटने तोंड बांधलेल्या भूमीने ते कसे प्यावे? मग ओल पायात शिरते, भिंतीला पोपडे धरतात आणि दोष मात्र रंगाऱ्याच्या माथी मारला जातो.

यावर उपाय नाही असे नाही. पाण्याची नळी लावून पातळी पाहणे कोणत्याही गवंड्यास येते. ती पाहावयास सांगणे हे घरधन्याचे काम. मातीचे अंगण असेल तर भिंतीपासून पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार हवा. फरशी असेल तर ५० फुटांस निदान १ फूट. गच्चीचे पाणी पायापासून दूर नेलेच पाहिजे. शोषखड्डा हा रामबाण उपाय आहे असे समजणाऱ्यांनी आधी २ फूट खोल खड्डा खणून त्यात पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच राहिले, तर त्या चिकट मातीत शोषखड्डा म्हणजे आणखी एक डबके! जमीन पाणी घेत असली तरीही दगडविटांनी भरलेल्या १ घनमीटर खड्ड्यात एका वेळी जेमतेम ४०० लिटर मावते. उरलेल्यास गटाराची वाट हवीच. खड्डा विहिरीपासून व घराच्या पायापासून दूर असावा आणि मोरीचे सांडपाणी त्यात सोडू नये.

सर्वांत निंद्य प्रकार तो शेजाऱ्यावर पाणी ढकलण्याचा. आपले आवार भराव घालून उंच करावयाचे आणि कुंपणाला भोक पाडून धार पलीकडे सोडावयाची, यास शहाणपण म्हणणाऱ्यांची आम्हांस कीव येते. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू द्यावे, हे तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या ७ व्या कलमातील उदाहरणांत आहे. ते नैसर्गिक प्रवाहाविषयी आहे. नळी लावून शेजाऱ्याची भिंत भिजविण्याचा तो परवाना नव्हे.

शिवाय साचलेल्या पाण्यास कुंपण कळत नाही. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ साली दाखवून दिले. आज डेंग्यू फैलावणारा एडिस डास तर बहुधा स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर, फरशीतील एक खळगा त्यास पुरतो. ८-१० दिवसांत अंड्याचा डास होतो आणि तो शेजारच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो. आठवड्यातून एकदा ही भांडी पालथी घालावयास कोणत्या सरकारी ठरावाची वाट पाहावयाची?

आमचे नागरिकांस सांगणे इतकेच: यंदाच्या जोराच्या पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहा; पाणी कोठून येते, कोठे अडते, याची खूण करून ठेवा आणि पावसाळा सरताच गवंड्यास बोलवा. आपल्या अंगणाचे पाणी वाहते करून मग गल्लीतील सर्वांनी मिळून तुंबलेल्या गटारासाठी पालिकेच्या दारी जावे. त्या मागणीस 'आधी स्वतःचे अंगण पाहा' असे उत्तर देण्याची सोय मग कोणत्याही अधिकाऱ्यास उरणार नाही.