कुरवांना गाठिया घालू नका

बोरिवलीच्या जेट्टीवरून गोराईला येताना थंडीत बोटीमागे कुरवांचा थवा लागतो. कुणीतरी गाठियाचं पाकीट फोडतं, मूठभर हवेत उडवतं, पोरं टाळ्या पिटतात. मला ते बघवत नाही.

मी घरी कोंबड्या पाळते. दोन वर्षांपूर्वी एक कोंबडी सकाळी खुराड्यात मरून पडली होती. आदल्याच दिवशी अंडं दिलं होतं, अंगानं चांगली गुबगुबीत. जनावरांच्या डॉक्टरांनी ती फाडून दाखवली. कलेजी पिवळीधमक, बोट लावलं की भुगा होणारी, आणि तिच्यावर रक्ताची मोठी गुठळी. तिला कोंडून ठेवून मी दिवसभर भात, मका आणि शिळा पाव घालत होते.

डॉक्टरांनी तेव्हा सगळं समजावलं. पक्ष्याच्या शरीरात नवी चरबी बनते ती मुख्यतः यकृतात. ती बनवणारी जनुकं तिथल्या पेशींत असतात आणि त्यांचा जोर बराचसा खाण्यावर ठरतो. अंड्यातलं पिल्लू बलकातल्या चरबीवर जगतं, तोवर ती जवळजवळ गप्प असतात. बाहेर येऊन दाणे टिपू लागलं की थोड्याच दिवसांत ती जोमानं कामाला लागतात. उपास घडला की मंदावतात. माशाच्या तेलानंही त्यांना लगाम बसतो.   

चोचीत पडलेला घास असा पार जनुकांपर्यंत पोचतो. कुरव हा मासे, कोळंबी, किडे खाणारा पक्षी. तपकिरी डोक्याचा कुरव तर लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी वीण करतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तिकडे परतायचं, तर वाटेची शिदोरी म्हणून लागणारी चरबी त्याला इथूनच अंगावर घेऊन निघायची असते. त्याला आपण बेसन, तळणीचं तेल आणि मीठ भरवतो.

‘प्रेमानं घालतो हो,’ असं लोक म्हणतात. पाव मीही प्रेमानंच घालत होते.

जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीशी मराठीत ठळक पाटी लावा. तिथली पाकिटांची विक्री थांबवा. आणि पोरांना ओहोटीच्या वेळी बोटीच्या कडेला उभं करा. चिखलावर उतरून कुरव आपलं खाणं स्वतः टिपतात, ते तिथून स्पष्ट दिसतं.