मामाचं शेत आणि आमचा पॉलिगॉन

गेल्या शनिवारी सकाळी चहा हातात घेतला आणि ढोकीहून मामाचा फोन.

"अरे, सोयाबीनमधी गुडघाभर पाणी हाय, अन् मंडळात म्हणं अतिवृष्टीच न्हाई! तू नकाश्याचंच काम करतूस नव्हं? मग सांग."

काय सांगणार, कप्पाळ! मी नकाशे बघतो ते पुण्यात एसीत बसून. पण प्रश्न खरोखरच माझ्या धंद्यातला होता.

जीआयएस म्हणजे नुसता मोबाईलवरचा नकाशा नव्हे. एखादी जागा आणि त्या जागेबद्दलची माहिती यांची ती सांगड. जागा साठवायचे तीन प्रकार: बिंदू (विहीर, पर्जन्यमापक), रेषा (रस्ता, तेरणा नदी) आणि पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृती (शेताचा गट, गाव, महसूल मंडळ). याला म्हणतात व्हेक्टर. रास्टर म्हणजे चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीत एक आकडा. उपग्रहाची चित्रं ही रास्टर.

यात गमती खूप. ढोकी आहे साधारण १८.४ उत्तर अक्षांश, ७६.१ पूर्व रेखांशावर. हे दोन आकडे चुकून उलटे टाकले की मामाचं शेत थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला समुद्रात! हसू नका, या क्षेत्रात प्रत्येकाने ही चूक एकदा तरी केलेली असते. कारण बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो आणि जिओजेसन फाईलमध्ये रेखांश आधी लिहायचा असतो.

ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणारी चूक जास्त वाईट. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे दशांशानंतर एकच आकडा ठेवला तर अचूकता ११ किलोमीटरची झाली. तेवढ्यात शेत तर सोडाच, शेजारचं गावसुद्धा बसेल. चार आकडे ठेवले तर ११ मीटर. तेव्हा कुठे बांध कळायला लागतो.

आता मामाचा प्रश्न. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी, असा सरकारी निकष. पण पाऊस मोजला जातो एका बिंदूवर आणि लागू होतो अख्ख्या पॉलिगॉनला! समजा यंत्रापाशी ६२ पडला आणि पाच-सहा किलोमीटरवर मामाच्या रानात ९०. नकाशावर मात्र सगळं मंडळ एकाच रंगात. ढगाला मंडळाची हद्द कुठे माहीत असते?

माझं मत स्पष्ट आहे. यंत्राचा आकडा खोटा नाही, तो पसरवण्याची पद्धत चूक आहे. प्रशासनाला कुठेतरी रेघ ओढावी लागते, मान्य. पण निर्णय एकाच बिंदूवर अडकवायची गरज आज उरलेली नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतूनही जमीन बघतं, त्यावर साचलेलं पाणी बऱ्याचदा ओळखता येतं, आणि हा डेटा फुकट आहे. उभ्या पिकातलं पाणी रडारला चकवतं, हेही खरं. म्हणूनच जोडीला शेतातला अक्षांश-रेखांशासहित फोटो हवा. शेतकऱ्यांना त्याची सवय आहे, २०२१ पासून ई-पीक पाहणीत ते स्वतःच पिकाचे फोटो काढताहेत. तिन्ही थर एकावर एक ठेवून बघणं, जीआयएसचं मूळ काम तेच तर आहे.

आणि आपण इंजिनिअर मंडळी? एका बिंदूवरून अख्खा पॉलिगॉन रंगवणारा डॅशबोर्ड आपणच बनवतो, आणि 'छान दिसतोय' म्हणून डेमोत टाळ्या घेतो. मीही घेतल्यात. निदान यंत्र कुठे आहे तो ठिपका तरी त्यावर दाखवूया. म्हणजे बघणाऱ्याला कळेल की कुठे मोजलंय आणि कुठे नुसतं धरून चाललोय.

मामाला हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे यंत्र माझ्या बांधावर पायजे हुतं, असंच ना?"

तीन मिनिटांचं माझं लेक्चर त्याने एका वाक्यात आटोपलं. असो. फोटो मात्र काढून ठेव म्हटलंय, लोकेशन चालू करून.