खेळ मुका होता, घर नव्हे

ब्रिक गेमच्या आठवणीने आपली चाळिशीतली मुले हळवी होतात. वडीलधारी मंडळी मात्र मराठी बुडाल्याचा ठपका त्याच यंत्रावर ठेवतात. हा ठपका आम्हांस मान्य नाही. ज्या टेट्रिसवरून हा खेळ निघाला, तो अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली मॉस्कोत रचला आणि १९८९ नंतर गेम बॉयसोबत तो जगभर पसरला. पडत्या विटा रचण्यास एकही अक्षर वाचावे लागत नाही. खेळ मुकाच होता. पाळीवरून भावंडांची भांडणे मात्र घरच्या भाषेत होत. बेल्लमपल्लीचा बाजार तेलुगूचा. मराठीस आसरा घराचाच. तेथे आपणच मराठी सोडली असेल, तर दोष प्लॅस्टिकच्या डबीवर ढकलू नये. नातवंडांच्या हाती मोबाईल देताना निदान गुण तरी मराठीत मोजावेत!