आखातात जायच्या आधी नाव दफ्तरी लावा

उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर, जैनूरकडच्या भावांनो, बहिणींनो,

कापसानं दगा दिला की निर्मल-खानापूरच्या पोरांसारखं आपणही दुबई-सौदी गाठावी, असं कुणालाही वाटतं. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण जाल तेव्हा तुमचं नाव भारत सरकारच्या दफ्तरी लागलेलं असू द्या, एवढं हात जोडून सांगणं आहे.

2016 साली सौदी ओजर ही बांधकाम कंपनी डबघाईला आली. हजारो भारतीयांचे पगार महिनोन्‌महिने थकले, जेद्दाच्या कॅम्पांत खायचे वांधे झाले. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी सूत्रं हलवली, आपल्या वकिलातीनं धान्य वाटलं, राज्यमंत्री व्ही. के. सिंह स्वतः तिथं गेले. मग सौदी सरकारनं माणसांना घरी जायची वाट मोकळी केली. सरकार सरकारशी बोललं की असा फरक पडतो. थकलेला पगार मात्र त्याबरोबर घरी आला नाही. त्यासाठी ज्याचा त्याचा दावा लावावा लागतो, आणि दावा कागदावर उभा राहतो.

आपलं सरकार आखाताशी जपून बोलतं. तेल तिकडचं, राबणारी लाखो माणसं आपली. उघड भांडण झालं तर आधी त्यांच्याच पोटावर पाय येईल. हे मला कळतं. घरकाम करणाऱ्यांसाठी 2014 ला सौदीशी आणि 2018 ला कुवेतशी करार झाले, तेही असंच शांतपणे बोलून. तरी 12 जून 2024 ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून जास्त भारतीय गेले, तेव्हा वाटलं की राहायच्या जागेबद्दल आपण आधीच ठासून बोलायला हवं होतं. मतं मागायला येणाऱ्या खासदाराला हे विचारा.

आता तुमच्या हातातलं. दहावी पास नसाल तर सौदी, कुवेत, कतार, ओमान, यूएई (दुबई) धरून अठरा देशांत कामाला जायला सरकारी मंजुरी लागते; नाव दफ्तरी लागतं ते त्यातच. एजंट म्हणेल, “व्हिजिट व्हिसावर जा, तिकडं बदलून देतो.” त्यात ही मंजुरीच टळते, तिथंच पाय मागे घ्या. ‘आझाद व्हिसा’ही नको. त्यात कागदावर कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एक आणि काम दुसऱ्याकडे. त्या कफीलानं ‘पळाला’ अशी तक्रार ठोकली की माणूस खल्लीवल्ली, म्हणजे बेकायदेशीर, झाला. मग आजारी पडला तरी दवाखान्यात जायला भितो.

एजंट नोंदणीचा आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर दिसतं. घरातलं शिकलेलं पोर मोबाइलवर पाहून देईल. नोंदणीच्या एजंटाला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागा. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढा, अपघाती मृत्यूला 10 लाखांचं संरक्षण आहे. करार, पासपोर्ट, व्हिसा आणि तिथं गेल्यावर इकामा (राहण्याचा परवाना), सगळ्यांचे फोटो घरच्या फोनवर पाठवा. पगार कधी किती आला, तेही दर महिन्याला घरी कळवत जा.

घरचं माणूस आधीच तिकडं अडकलं असेल तर लाजून गप्प बसू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, 1800113090 वर फोन लावा, सोमवारच्या प्रजावाणीत कलेक्टरांकडे अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. अर्जात पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव आणि शेवटचा फोन कुठून आला ते लिहा. वकिलात सर्वात आधी हेच विचारते.