श्वासावर लक्ष ठेवा, पण अन्यायावरची नजर हटवू नका



२०१५ पासून दर २१ जूनला योग दिन साजरा होतो. आमच्या सुकापूर-पनवेल भागातही ध्यान, प्राणायाम, श्वसन याविषयी बोलणारे वाढले आहेत. यावर आपल्या तरुणांमध्ये दोन गट दिसतात. पहिला म्हणतो, "हे सगळं ब्राह्मणी थोतांड, आपला संबंध नाही." दुसरा इगतपुरीला दहा दिवस बसून येतो आणि म्हणतो, "मोर्चे-आंदोलनांनी काही होत नाही, मन शांत करा." माझ्या मते दोघांनीही बाबासाहेब नीट वाचलेले नाहीत.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थ आलार कालामाकडे ध्यानमार्ग शिकतो. श्वासाच्या पद्धती सांगताना बाबासाहेब आनापानसति आणि प्राणायाम यांची नोंद वेगवेगळी करतात. प्राणायामात पूरक, कुंभक, रेचक, म्हणजे श्वास घ्यायचा, रोखायचा, सोडायचा. बुद्धाच्या शिकवणुकीतल्या आनापानसतीत मात्र श्वास जसा आहे तसा फक्त जाणायचा. त्याला मंत्र लागत नाही, देव लागत नाही, पुरोहित लागत नाही. मग हे थोतांड कसे?

आता दुसऱ्या गटाकडे वळू. ध्यान शिकूनही सिद्धार्थ तिथे थांबला नाही, कारण जगातल्या दुःखाचे उत्तर त्याला मिळाले नव्हते. बाबासाहेब समाधी आणि सम्यक समाधी यांत स्पष्ट फरक करतात. नुसत्या समाधीने मनातले अडथळे काही काळ थांबतात. सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचीच सवय लावते. म्हणजे ध्यानाची कसोटी ध्यानातून उठल्यावर लागते. डोळे मिटून मिळालेली शांती डोळे उघडल्यावर शेजारच्याच्या कामी येत नसेल, तर ती धम्माची शांती नव्हे.

सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. शिबिराला फी नाही, खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. हे मोठे काम आहे, ते मान्य करायलाच हवे. पण तळोजा एमआयडीसीतल्या किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या कंत्राटी कामगाराला दहा दिवसांची रजा कोण देणार? काम केले नाही तर त्याची मजुरी बुडते. ध्यानासाठी लागणारी सवड हीसुद्धा सामाजिक विषमतेची बाब आहे, हे समाजशास्त्र आपल्याला शिकवते.

१७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी गेली. अशा प्रसंगी कोणी "विद्यार्थ्यांना श्वसन शिकवा" एवढेच म्हणत असेल तर ती दिशाभूल आहे. जातीय छळाला उत्तर कायद्याने, संघटनेने आणि जबाबदारी निश्चित करूनच द्यावे लागते. पण त्याच वेळी हेही खरे, की लढणारी माणसे आतून थकतात. चळवळीतला राग घरच्यांवर निघतो, कोणी दारूकडे वळतो, गट फुटतात. तेव्हा आलेला राग ओळखून क्षणभर थांबता येणे ही कार्यकर्त्याची गरज आहे. सतिपट्ठानात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चारही गोष्टींचे भान सांगितले आहे, ते यासाठीच उपयोगी पडते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. इगतपुरी दूर असेल, पण विहार जवळ आहे. रविवारी वंदनेनंतर वीस मिनिटे आनापान करा. मग धम्मग्रंथाचे एक प्रकरण वाचा. त्यानंतर वस्तीचा एक प्रश्न घ्या: पाणी, शिष्यवृत्ती, थकलेली मजुरी, जो असेल तो. तो कोण पाहणार हे तिथेच ठरवा आणि पुढच्या रविवारी त्याचा हिशेब मागा. पहिली वीस मिनिटे बसून बाकीचे टाळणाऱ्याला सांगा की साधना अर्धवट राहिली. आणि नुसत्या तिसऱ्या भागासाठी येणाऱ्यालाही तेच सांगा.

नमो बुद्धाय, जय भीम!