कथेचे तंत्र आणि साक्षीचे बंधन

‘कथन म्हटले की कल्पित आलेच’ हे विधान आपल्या चर्चासत्रांतून इतक्या सहजपणे केले जाते की, त्याचा पुरावा कोणी मागत नाही. युक्तिवाद परिचित आहे. घटनांची निवड होते, त्यांचा क्रम लावला जातो, निवेदक ठरवला जातो. मग सत्यकथन आणि कादंबरी यांत भेद उरतो कुठे? हा युक्तिवाद दिसायला सूक्ष्म, पण मुळात ढोबळ आहे. घडलेल्यातून निवडणे आणि न घडलेले पदरचे घालणे या दोन भिन्न कृती आहेत. त्यांची गल्लत केल्याची किंमत समीक्षकाला मोजावी लागत नाही; ज्याच्याविषयी लिहिले गेले तो माणूस ती मोजतो.

कथातंत्र म्हणजे तरी काय? प्रसंगाची उभारणी, संवाद, नेमका तपशील, काळाची उलटसुलट मांडणी, दृष्टिकोनाची निवड. यांतले एकही साधन कल्पिताच्या खासगी मालकीचे नाही. जॉन हर्सीच्या ‘हिरोशिमा’त (१९४६) अणुबॉम्बमधून वाचलेल्या सहा व्यक्तींच्या हकिकती एकमेकींत गुंफलेल्या आहेत. स्फोटाच्या क्षणी प्रत्येकजण काय करीत होता, येथून सुरुवात होते. एकाला अर्ध्यावर सोडून निवेदन दुसऱ्याकडे वळते. ही रचना उघडच कादंबरीची आहे. परंतु त्या सहाजणांच्या मनातले जे पानांवर येते, ते त्यांच्याशी बोलून मिळवलेले आहे.

याउलट ट्रुमन कपोटी. कॅन्सासमधील क्लटर कुटुंबाच्या १९५९ मधील हत्येवरील ‘इन कोल्ड ब्लड’ (१९६६) या पुस्तकाला त्याने ‘नॉनफिक्शन नॉव्हेल’ म्हटले आणि त्यातील सर्व मजकूर खरा असल्याचा दावा केला. पुस्तकाच्या अखेरीस तपास अधिकारी आणि मृत मुलीची मैत्रीण यांची स्मशानभूमीत भेट होते. ही भेट कपोटीने रचलेली होती, हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्राने उघड केले. पुस्तकाला शांत शेवट हवा होता. वास्तवाने तो पुरवला नाही, म्हणून लेखकाने पुरवला. एकच प्रसंग, पण तो कळल्यानंतर उरलेल्या प्रत्येक पानाकडे आपण संशयाने पाहतो. कलेने येथे सत्याला उंची दिली नाही, त्याची पत घालवली.

आपल्याकडील चरित्रात्मक कादंबरीचे प्रकरण थोडे वेगळे आहे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तील (१९६२) माधवराव-रमाबाईंचे एकांतातील संवाद कोणी ऐकले होते, हा प्रश्न गैरलागू आहे, कारण पुस्तक स्वतःला कादंबरी म्हणवते. दोष असेल तर तो अशा संवादांना इतिहास समजून भाषणांतून उद्धृत करणाऱ्यांचा. माझी तक्रार करार पाळणाऱ्या कादंबरीकाराविषयी नाही. खऱ्याची सही करून कल्पित खपवणाऱ्याविषयी आहे, आणि त्याला सिद्धान्ताची ढाल पुरवणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांविषयी आहे.

या सिद्धान्ताचा खरा आघात कोठे होतो, हे ‘बलुतं’च्या (१९७८) उदाहरणावरून ध्यानात यावे. दया पवारांनी येथे दगडू मारुती पवार हा निवेदक उभा केला. शिकलेला लेखक ऐकतो आणि त्याच्याच आतला दगडू सांगतो. ही योजना निःसंशय कथात्म आहे. पण ती सत्य झाकण्यासाठी नाही. एकाच देहातील दोन माणसांमधले अंतर दाखवण्याचा अन्य मार्ग नव्हता, म्हणून आहे. पुस्तकावर आक्षेप दोन्ही बाजूंनी आले. घरची लाज वेशीवर का टांगली, असे काही स्वकीयांनी विचारले. हे साहित्य की नुसती कैफियत, असे इतरांनी. या दोहोंपुढे लेखकाच्या हाती एकच उत्तर होते: हे असे घडले आहे. ‘सारेच कथन कल्पित’ असे वर्गात शिकवून आपण नेमके तेच उत्तर त्याच्या हातून काढून घेतो. ज्याला कावाखान्यातले जगणे नाकारायचेच आहे, त्याला याहून सोयीचा सिद्धान्त मिळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, तीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कोणाला आठवतात? कोणालाच नाही. परंतु स्मरणाने चुकणे आणि जाणूनबुजून रचणे यांत फरक आहे. साक्षीदाराची चूक दाखवता येते, दुरुस्त करता येते. रचलेल्या प्रसंगात चुकायलाच काही नसते. शिवाय सत्यकथनकाराजवळ एक साधन असे आहे की, जे कादंबरीकाराला सहसा परवडत नाही: ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची मुभा. अनिल अवचटांच्या ‘माणसं’मधील (१९८०) लेखांत विचारणारा माणूस सतत समोर असतो. कोण बोलले, लेखकाने काय पाहिले, हे वाचकाला दिसते. त्या गद्याची पकड या उघडेपणातूनच येते.

तेव्हा आत्मकथन असो वा रिपोर्ताज, विद्यार्थ्यांना प्रत्येक प्रसंगापाशी एक साधा प्रश्न विचारायला शिकवावे: लेखकाला हे कसे कळले? पाहून, ऐकून, विचारून, आठवून, यांपैकी काहीही उत्तर आले तरी तंत्राची चर्चा खुशाल करावी, शैलीचे कौतुकही करावे. उत्तरच नसेल, तर त्या पुस्तकाला कादंबरी म्हणावे. त्यात कादंबरीचा अपमान नाही. अपमान होतो तो खऱ्या माणसाचा. आपण न केलेला विचार आणि न उच्चारलेले वाक्य त्याच्या नावावर कायमचे छापले जाते आणि ते खोडण्याची सोय त्याच्यापाशी नसते.