गाणे आपले, पण फाईल कुणाची?

एकेकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरात दोन गोष्टी हमखास असत. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि फळीवर भीमगीतांच्या कॅसेटी. तसबीर आजही आहे. कॅसेटी मात्र माळ्यावर गेल्या, पत्र्याच्या पेटीत गेल्या, काही भंगारात गेल्या. वाजवणारा टेप बिघडला, दुरुस्त करणारा कारागीर मोबाईल दुरुस्तीकडे वळला आणि मुले म्हणू लागली, "सगळं नेटवर असतं की!" सगळे नेटवर नसते. बाजारात निघालेल्या कॅसेटींपैकी काही नेटवर आहेत. एखाद्या चाळीच्या जयंतीत रात्री दोन वाजता गायलेले आणि कुणीतरी माईकपुढे टेप धरून टिपलेले गाणे नेटवर कुठून येणार? ते त्या एकाच फितीवर आहे. फीत गेली की गाणे गेले.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली. पातळ प्लॅस्टिकवर लोहाच्या ऑक्साईडचा थर, एवढाच तो प्रकार. वयोमानाने तो थर सुटतो, दमट हवेत बुरशी धरतो. मी व्यवसायाने वकील. गाण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, पण नाद आहे. कोर्टाची कागदपत्रे आटोपली की रात्री अशा कॅसेटी संगणकात उतरवत बसतो. यासाठी हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर लागते असा समज आहे, तो खोटा आहे. ऑडासिटी नावाचा प्रोग्रॅम २००० सालापासून कुणालाही मोकळा उपलब्ध आहे. टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या लाईन-इनमध्ये घालायची आणि फीत वाजू द्यायची. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात, तिथे आडवाट नाही.

हौशी माणसांचे सर्वात जास्त नुकसान कुठे होते, तर 'साफसफाई'त. फितीची खरखर काढण्यासाठी ऑडासिटीत चांगली सोय आहे. नुसती खरखर असलेले दोनतीन सेकंद निवडून प्रोग्रॅमला दाखवायचे आणि मग सबंध गाण्यातून तेवढी वजा करायला सांगायचे. पण हात सैल सुटला की खरखरीबरोबर हलगीची टिपरी जाते, झांजेची धार जाते, कोरसमधल्या बायकांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटतात. माझे मत स्पष्ट आहे: खरखर राहू द्या. मूळ उतरवलेली प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवा आणि साफसफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर करा. आणखी एक, उतरवण्याआधी टेपचे हेड स्पिरिटने पुसा. हेड तिरके असेल तर त्याच्या बाजूचा स्क्रू किंचित फिरवताच दबलेला आवाज उघडतो. हे काम नंतर कुठल्याही संगणकाला जमत नाही.

मग प्रश्न येतो की साठवायचे कशात? सीडीच्या दर्जाने उतरवलेला एक तास सुमारे ६३५ एमबी जागा खातो. एमपीथ्रीत तेच साठएक एमबीत बसते, म्हणून सगळे एमपीथ्री करतात. पण एमपीथ्री आवाजातला काही भाग कायमचा फेकून देते, आणि फेकलेले परत मिळत नाही. शिवाय वर्षानुवर्षे तिच्यावर पेटंटचे जोखड होते. जर्मनीतल्या फ्राऊनहोफर संस्थेने तिचा परवाना देणे थांबवले ते थेट २०१७ मध्ये, पेटंटची मुदत संपल्यावर. तोवर मोकळ्या मनाच्या तंत्रज्ञांनी दुसरी वाट काढली होती. फ्लॅक ही पद्धत २००१ सालापासून आहे. तिच्यात आवाजाचा कणही गळत नाही, जागा मात्र जवळपास निम्मी लागते आणि कुणाची परवानगी लागत नाही. आपण व्हॉट्सअॅपवर जो बोलका निरोप पाठवतो, तो ओपस नावाच्या अशाच मोकळ्या पद्धतीत बांधलेला असतो. म्हणजे "ते ओपन सोर्स वगैरे आपल्या कामाचं नाही" असे म्हणणारा कार्यकर्ता दिवसातून वीस वेळा ते वापरत असतो!

बंद तंत्रज्ञान घरात शिरून काय करू शकते याचे उदाहरण मी तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो. २००५ साली सोनी बीएमजीने काही संगीत सीडींमध्ये एक छुपा प्रोग्रॅम घातला. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली सीडी संगणकात घातली की तो प्रोग्रॅम विंडोजच्या पोटात शिरून स्वतःला लपवायचा आणि व्हायरसला आयते भगदाड करून द्यायचा. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने त्या वर्षी ऑक्टोबरअखेर हे उघडकीस आणले. बोभाटा झाला, खटले झाले, सीडी परत घ्याव्या लागल्या. आता यातली गंमत पाहा. नकल रोखण्यासाठी घातलेल्या त्या प्रोग्रॅममध्येच लेम या मुक्त प्रकल्पातला कोड, त्याच्या परवान्याच्या अटी न पाळता वापरलेला आढळला. ग्राहकाला चोर समजणाऱ्याच्या झोळीत दुसऱ्याचा माल!

हीच गोष्ट आपल्या छापील शब्दांची. नव्वदीच्या दशकात आणि पुढेही आपली नियतकालिके, गीतांची पुस्तके, स्मरणिका पेजमेकरवर कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या फॉन्टमध्ये टाईप झाल्या. प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की शाहिराच्या कवनाऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा चिखल दिसतो. आज युनिकोडमुळे तो प्रश्न नव्या मजकुरापुरता सुटला. जुन्या फायलींचे काय? आणि ज्यांच्या फायलीही उरल्या नाहीत अशा पुस्तकांचे काय? टेसरॅक्ट नावाचा मुक्त प्रोग्रॅम पानाच्या फोटोवरून मराठी मजकूर वाचतो. जोडाक्षरात चुका करतो, मुद्रितशोधन करावे लागते. तरी हाताने सगळे टाईप करण्यापेक्षा काम हलके होते.

आता 'मुक्त' या शब्दाकडे येऊ. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र हे दोन्ही अर्थ कोंबले आहेत, त्यामुळे त्या लोकांना पानेच्या पाने खुलासे करावे लागतात. मराठीला ती अडचण नाही. फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागे पैसे वाचवण्याचा हेतू नव्हता. ज्या यंत्रावर माझे काम अवलंबून आहे त्याच्या आत काय चालते ते पाहण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा अधिकार मला हवा, एवढी ती मागणी होती. वकील म्हणून मला त्यातला डाव फार आवडतो. त्यांनी कॉपीराईट कायदा मोडला नाही, नाकारलाही नाही. १९८९ च्या त्यांच्या जीपीएल परवान्याने तोच कायदा हाती धरून अट घातली: हे घ्या, वापरा, बदला, विका, पण पुढे देताना ज्या मोकळेपणाने तुम्हाला मिळाले त्याच मोकळेपणाने द्या. कुलूप घालण्यासाठी केलेल्या कायद्याने दार उघडे ठेवायचे!

(काही मित्र लगेच याला महाडच्या पाण्याची उपमा देतात. मला ती पटत नाही. पाणी हा जगण्याचा प्रश्न होता, माणूसपणाचा प्रश्न होता. सॉफ्टवेअरला ती जागा देऊ नये.)

याउलट एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आपल्याच कलावंतांकडून येतो. ते म्हणतात, "वकीलसाहेब, आमची गाणी तर कायमच फुकट होती. कंपनीने एकरकमी काही रुपये हातावर टेकवले, कागदावर सही घेतली आणि लाखोंनी कॅसेटी विकल्या. आता तुम्ही आणखी मुक्त काय करणार?" हा राग रास्त आहे. ज्याच्याकडे कधी मालकीच नव्हती त्याला मालकी सोडण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. म्हणून क्रम लक्षात घ्या. आधी हक्क प्रस्थापित करायचा, मग तो कसा वापरायचा हे हक्कदाराने स्वतः ठरवायचे. मुक्त परवाना म्हणजे मालकाने राजीखुशीने, अटींसह दिलेला शब्द. मालकाला न विचारता उचललेल्या गाण्याला मुक्त म्हणत नाहीत, त्याला कायद्यात वेगळा शब्द आहे.

१९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार गीत लिहिताक्षणी हक्क गीतकाराचा होतो, नोंदणीची गरज नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी व्यवहार चालत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये आणखी भर पडली. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने तर चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातल्या गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा दिला आणि तो वाटा सोडून देण्याचा करारही करता येणार नाही असे म्हटले. भीमगीतांच्या अल्बमना ही तरतूद तंतोतंत लागू पडते. अर्थात करार कोणत्या साली झाला यावर बरेच अवलंबून असते, म्हणून जुने कागद फेकू नका. शाहिरांच्या घरी मी पाहतो, मानपत्रे काचेत जपलेली असतात आणि कंपनीचा करार मात्र रद्दीत गेलेला असतो.

आपल्या शाहिरांना नावाचे मोल माहीत नव्हते असे मात्र कुणी म्हणू नये. शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालण्याची रीत कशासाठी आहे? वामनदादा कर्डकांचे गाणे कुणीही गावे, कुठेही गावे, चालही बदलावी. पण शेवटी 'वामन' उच्चारल्याशिवाय गाणे पुरे होत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रत्येक फाईलच्या माथ्यावर लेखकाचे नाव आणि अट लिहिलेली असते. आपल्याकडे ती गाण्याच्या पायथ्याशी विणलेली असे. आता रील बनवणारे पहिली दोन कडवी घेतात आणि शेवट कापतात. त्याबरोबर नावही कापले जाते. कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकला तरी कर्तेपणाचा अधिकार लेखकाकडेच राहतो, हे त्या मुलांना कुणी सांगितलेले नसते.

मुदतीचाही विचार करू. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे ही पूर्वीची मुदत रवींद्रनाथ टागोरांचे साहित्य खुले होण्याची वेळ आली तेव्हा वाढवून साठ केली गेली. १९९२ चा दुरुस्ती कायदा तो. त्याचा परिणाम बाबासाहेबांच्या लेखनावरही झाला. ते २००७ च्या आरंभी खुले व्हायचे, ते १ जानेवारी २०१७ ला झाले. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत राहील. ज्या कवींचे वारस ठाऊक आहेत त्यांचे ठीक. पण ज्यांचा पत्ता लागत नाही अशा शेकडो गीतकारांचे काय? कलम ३१ (क) नुसार सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र त्याआधी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. वाडीवस्तीवरच्या मराठी कवीचा शोध इंग्रजी दैनिकात! कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोण होते ते यावरून कळते.

तरी याच कायद्यात आपल्या उपयोगाची एक खिडकी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. कलम ५२ मध्ये २०१२ साली अशी भर पडली की, नफा न कमावणारे सार्वजनिक ग्रंथालय आपल्या मालकीच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल नकल साठवू शकते. विहाराला जोडलेली जी वाचनालये आहेत, त्यांनी कॅसेटी रीतसर दान घ्याव्यात, दप्तरात नोंद करावी आणि उतरवून ठेवाव्यात. नेटवर टाकण्यासाठी परवानगी लागेल, ती नंतर मिळवता येईल. जपण्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

पैशाचे म्हणाल तर एक उदाहरण देतो. बाखचे संगीत केव्हाच खुले झाले आहे, तो १७५० साली वारला. पण त्याची चांगली ध्वनिमुद्रणे कंपन्यांच्या मालकीची. २०१२ साली किमिको इशिझाका या पियानोवादिकेने लोकांच्या वर्गणीतून गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ध्वनिमुद्रित केले. स्वरलिपी म्यूझस्कोर या मुक्त प्रोग्रॅममध्ये तयार झाली आणि दोन्ही गोष्टी सर्व जगाला विनाअट देऊन टाकल्या. कलावंताला मोबदला मिळाला आणि संगीतही मोकळे झाले. वर्गणी काढणे आपल्याला कुणी शिकवायला हवे का? दर १४ एप्रिलला आपण काढतोच. ती जाते कुठे? खिडक्यांच्या काचा हादरवणाऱ्या डीजेच्या भिंतीत. एका रात्रीच्या त्या खर्चात एखाद्या वयोवृद्ध गायकाला मानधन देऊन, चांगल्या माईकवर, साथीदारांसह ध्वनिमुद्रित करता येईल. मंडळांच्या बैठकीत मी हे दरवर्षी मांडतो. दरवर्षी टाळ्या पडतात आणि दरवर्षी डीजेच येतो.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचेही सगळे गोड आहे असे नाही. तिथे फुकट काम करायला फावला वेळ लागतो, इंग्रजी लागते, घरी बरा संगणक लागतो. ते कुणाकडे असते हे सांगायला नको. प्रकल्पही हस्तांतरित होतात. २०२१ साली ऑडासिटी म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेली आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला. गदारोळ झाला, प्रस्ताव मागे घ्यावा लागला. काहींनी तोच कोड घेऊन वेगळी चूलही मांडली. बंद प्रोग्रॅममध्ये हे झाले असते तर आपल्याला कळलेही नसते.

तेव्हा उन्हाळा संपायच्या आत पेट्या उघडा. फीत तुटली असेल तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पसरतो. फीत जोडण्याची वेगळी चिकटपट्टी मिळते. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नका, नाहीतर ती दुसऱ्या कॅसेटींनाही लागेल. उतरवलेल्या प्रत्येक फाईलबरोबर एक साधी मजकुराची फाईल युनिकोडमध्ये ठेवा. तीत गीतकार, गायक, ढोलकीवर कोण, कोरसमध्ये कोण, गाव, साल, आणि कॅसेट कुणाच्या घरून आली हे लिहा. साल ठाऊक नसेल तर गायक निवेदनात काय बोलतो ते नीट ऐका, पुष्कळदा तोच सांगून जातो. तीन प्रती करा, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. कोरसमधल्या बायकांची नावे विचारायला आजच जा. कॅसेटच्या वेष्टनावर ती छापलेली नसतात आणि सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.